तीन कुलपे आणि एक लॅपटॉप

आमच्या घराला तीन कुलपे आहेत. बाहेरच्या जाळीच्या दाराला सात लिव्हरचे पितळी, आतल्या दाराला लॅच, आणि लॅचवर ह्यांचा विश्वास नाही म्हणून कडीला आणखी एक लहानसे. घराबाहेर पडायचे म्हणजे आमच्याकडे एक विधीच असतो. ह्यांनी कुलपे लावायची, मी ती ओढून पाहायची, आणि सगळे जिना उतरून खाली आलो की चिरंजीवांनी "आई, गॅस बंद केलास का?" असे विचारून आम्हांला पुन्हा वर पाठवायचे. अशा ह्या घरातून श्रावणातल्या एका भर दुपारी माझा लॅपटॉप चोरीस गेला.

आम्ही शेजारच्या गल्लीत सत्यनारायणाच्या प्रसादाला गेलो होतो. पुरते दोन तासही नव्हे. परत येऊन पाहतो तो कुलपे जागच्या जागी लोंबकळत होती. चोराने त्यांना हातसुद्धा लावला नव्हता. कटावणीने कोयंडाच उचकटला होता. गेले काय? लॅपटॉप, त्याचा चार्जर (चोर जाणकार असावा), देवापुढचे चांदीचे निरांजन आणि दूधवाल्यासाठी फ्रिजवर ठेवलेले सहाशे रुपये. प्रसादाचा द्रोण हातात घेऊन मी दारात उभी होते आणि ह्यांनी आधी काय करावे? कुलूप ओढून पाहिले.

पोलीस आले. पंचनामा झाला. मंडळी सौजन्याने वागली. त्यांनी विचारले, "लॅपटॉपचा सीरियल नंबर?" मी म्हटले, "काळा होता." मराठी शिकवणाऱ्या बाईचे हे उत्तर त्यांनी लिहून घेतले नाही. तो क्रमांक यंत्राच्या पाठीवर असतो, खोक्यावर असतो आणि बिलावर असतो. पाठ चोराकडे होती. बिल कधीच फिके पडून कोरे झाले होते. आणि खोके सात वर्षे माळ्यावर सांभाळून मागल्या दिवाळीच्या साफसफाईत मीच रद्दीवाल्याला दिले होते. आता ह्या दिवाळीला आपल्यापैकी कोणी माळा आवरायला घेतला असेल, तर खोके खुशाल टाका, पण त्यावरचा नंबर एका वहीत उतरवून मगच टाका. मोबाइलचे बरे आहे, चोरीला गेलेला मोबाइल बंद पाडण्याची सोय सरकारने केली आहे. लॅपटॉपला तसला वाली नाही.

"यंत्रच ते, पुन्हा घेता येईल," असे जो तो म्हणू लागला. खरे आहे. पण घ्यायचे कशाने? मी एका महाविद्यालयात मराठी शिकवते, तीही तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास तितके पैसे, सुटीत काही नाही, आणि जे काही, ते हाती येईपर्यंत ऋतू पालटतो. सोळा वर्षे हे चालले आहे. त्यातून सासूबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन नुकतेच झालेले, चिरंजीव अकरावीत. कागद-पेन्सिल घेऊन आम्ही दोघे बसलो आणि आकडा निघाला वीस हजार. त्यात सर्व काही आले, अगदी दुकानापर्यंतच्या रिक्षाचे भाडेसुद्धा.

खरे सांगायचे तर यंत्राचे दुःख मला निम्मेच होते. त्यात माझ्या मावशीच्या ओव्या होत्या.

मावशी शनिशिंगणापूरची. वय ब्याऐंशी. तिच्या पडवीत जाते अजून आहे. गावात गिरणी आल्यापासून त्यावर दळण होत नाही, हळकुंडे तेवढी कधीमधी भरडतात. चार वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत मी आठ दिवस तिच्याकडे राहिले आणि ती आठवेल तशी सांगत गेली. जात्याच्या खुंट्याला हात लावल्याशिवाय तिला ओवी आठवत नसे. रिकामे जाते फिरवीत तिने एकशे त्र्याऐंशी ओव्या म्हटल्या. माहेरच्या, भावाच्या, शनिदेवाच्या, सासऱ्याच्या करड्या स्वभावाच्या, आणि एका पाठीवरच्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या आईच्या. आई गेली त्याला अकरा वर्षे झाली. त्या ओव्यांत ती सात वर्षांची होती आणि परकर सावरीत ओढ्याकडे धावत होती.

हे सारे मी मोबाइलवर टिपले होते. पुढे मोबाइल भरला. कशाने म्हणाल, तर आमच्या सोसायटीच्या मंडळींनी रोज सकाळी धाडलेल्या सुप्रभाताच्या फुलांनी. तेव्हा मी ओव्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्या आणि मोबाइलवरून पुसून टाकल्या. फुले राहिली, ओव्या गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ ह्या दोघांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगाव फिरून एक लाखावर ओव्या जमवल्या, त्याबद्दल मी वर्गात दरवर्षी सांगते. आणि स्वतःजवळच्या एकशे त्र्याऐंशी मला सांभाळता आल्या नाहीत.

असो. बाजार पाहायला सुरुवात केली. वीस हजारांत नवा मिळत नाही असे नाही. मिळतो, पण तो नवा असण्यापलीकडे त्यात फारसे काही नसते. एक पान उघडले की दुसऱ्यासाठी विचार करीत बसणारे मंद डोके आणि चिमूटभर साठा. तेव्हा जुनाच घ्यावा असे ठरले, आणि ठरताक्षणीच सल्लागारांचा पूर आला. तेवढ्यात एका सहकाऱ्यांच्या ओळखीने एक गृहस्थ भेटले. दुकान नव्हते. एका इमारतीच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या डिकीतून त्यांनी एक देखणा रुपेरी लॅपटॉप काढला. नवा असताना पन्नास हजारांच्या आत आला नसता. "नऊ हजार, मॅडम. तुम्ही शिक्षक म्हणून."

त्यांनी तो उघडला. पडद्यावर शाळेच्या गणवेशातल्या, दोन वेण्या घातलेल्या एका मुलीचा फोटो आणि खाली पासवर्ड विचारणारी चौकट.

"पासवर्ड?" मी विचारले.

"त्याचं काय, फॉरमॅट मारून देतो."

"आणि बिल?"

"ह्या किमतीत बिल कसलं मागता?"

घरी येऊन सांगितले तेव्हा हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपलाही असाच कुठल्या तरी पार्किंगमध्ये नऊ हजारांना गेला असेल." एवढेच. पण रात्री जेवताना मात्र, "तसा बारा महिने वापरला तरी पैसे फिटले असते," असेही म्हणाले, आणि मलाही ते पटत होते, हे लपवण्यात अर्थ नाही. नऊ हजार आणि वीस हजार यांच्यामधले अकरा हजार म्हणजे आमच्या घरात लहान रक्कम नव्हे. कायदा काय म्हणतो तो मी नंतर पाहिला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 प्रमाणे माल चोरीचा आहे हे ठाऊक असून, किंवा तसे मानायला कारण असूनही तो घेतला, तर घेणारालाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'मानायला कारण' हे शब्द मोठे नेमके आहेत. दोन वेण्यांइतके नेमके.

मी तो घेतला नाही. पण दुसरेही काही केले नाही.

पुढच्या रविवारी मी शिंगणापूरला गेले. मावशीला सांगणे भाग होते. नगरहून संभाजीनगरच्या रस्त्याने घोडेगावपर्यंत जायचे आणि तिथून आत वळायचे. सगळे मिळून पस्तीसेक किलोमीटर. आपल्यापैकी बहुतेकांनी ते ठिकाण पाहिलेच असेल. उघड्या चौथऱ्यावर साडेपाच फुटांच्या आसपास उंचीची काळी शिळा, वर छप्पर नाही, आणि गावात घरांना चौकटी आहेत पण दारे नाहीत. पुरात वाहत आलेल्या शिळेला गुराख्याने काठी टोचली तेव्हा रक्त आले, आणि रात्री स्वप्नात येऊन देवाने सांगितले की मला छप्पर नको, तुमच्या घरांचे मी पाहतो, अशी कथा आहे. लहानपणी मी इथे सुटीला येई तेव्हा चौथऱ्यापासून बायकांना दूर ठेवीत. 2016 साली, उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, गुढीपाडव्याला ती बंदी उठली. आता मी वर जाऊ शकते. मावशी अजून जात नाही. खालूनच हात जोडते.

ह्या गावात चोरी होतच नाही असे सांगण्याची रीत आहे. पण तसे म्हणणे आता अवघड आहे. 2010 साली एका पाहुण्याच्या गाडीतून रोकड आणि ऐवज गेल्याची तक्रार झाली. 2011 च्या जानेवारीत युको बँकेने इथे बिनकुलपाची म्हणून गाजलेली शाखा उघडली, काचेचे दार आणि चटकन डोळ्यांत न भरणारी विजेवरची कडी अशी तडजोड करून. 2015 साली पोलीस ठाणे आले. आणि 2025 साली तर देवस्थानाच्या नावाने बनावट अ‍ॅप काढून ऑनलाइन पूजेचे पैसे उकळल्याचे प्रकरण विधानसभेपर्यंत गाजले. त्या चोराला दाराची गरजच नव्हती. तरीही मावशीच्या घराला आजही दार नाही. रात्री कुत्रे आत शिरू नये म्हणून एक फळी आडवी लावतात, आणि ती पाडायला कुत्रेही शिकले आहे.

चहा झाल्यावर मी सांगितले. मावशीने शांतपणे ऐकले.

"म्हंजी माझा आवाज बी गेला?"

"हो मावशी."

"सगळा?"

"सगळा."

ती जरा वेळ थांबली. मग म्हणाली, "ज्यानं न्हेला, त्यानं ऐकला आसंल का गं?"

काय उत्तर द्यावे ते मला सुचेना. चोराने बहुधा तो पहिल्याच रात्री पुसला असेल, हे तिला सांगवेना. म्हणून विषय बदलायला मी त्या रुपेरी लॅपटॉपची हकीकत काढली. मी मोहाला कशी बळी पडले नाही, हे मनातून मला जरा ऐकवायचेही होते. तिने विचारले, "मंग त्या येणीवाल्या पोरीला कळीवलंस का?"

"तिचं नाव कुठे ठाऊक आहे मला!"

"पोलिसाला तरी?"

मी काही बोलले नाही. सहकाऱ्यांची ओळख, उगाच वाईटपणा, नसते लचांड, अशी पुष्कळ कारणे माझ्यापाशी होती. त्या घरात बसून त्यांतले एकही सांगावेसे वाटेना. ओसरीवर जाऊन मी त्या गृहस्थांना फोन लावला. काय बोलणार होते ते माझे मलाच माहीत नव्हते. ते म्हणाले, "कालच गेला की, मॅडम. उशीर केलात." नगरला परतल्यावर मी आमच्या तक्रारीची चौकशी करायला गेले तेव्हा ही हकीकत आणि तो फोन नंबर ठाण्यावर लिहून दिला. सहकारी त्यानंतर माझ्याशी बोलत नाहीत. मुलीच्या लॅपटॉपचे काय झाले ते मला कळलेले नाही.

मावसभावाचा मुलगा, माझा भाचा, घोडेगावला संगणक दुरुस्त करतो. दुपारी तो जेवायला आला आणि जात्याशेजारी बसून त्याने माझी शिकवणीच घेतली. "आत्या," तो म्हणाला, "जुना लॅपटॉप घेणं म्हणजे बैल घेण्यासारखं आहे. रंग बघायचा नाही, दात बघायचे." हे दात म्हणजे प्रोसेसरची पिढी. आय-फाइव्ह, आय-सेव्हन ह्या नावांना दुकानदार फार मोठे करून सांगतात, पण खरा अर्थ त्यापुढच्या आकड्यात असतो. आठाने सुरू होणारा आकडा म्हणजे आठवी पिढी, दहाने सुरू होणारा म्हणजे दहावी. विंडोज टेनची मोफत देखभाल मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवली, आणि विंडोज इलेव्हन इंटेलच्या यंत्रांवर रीतसर चालते ते साधारण आठव्या पिढीपासून पुढे. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे बाजारात स्वस्त झाली आहेत. दिसायला ती धट्टीकट्टी असतात. "ती घेऊच नये असं नाही," भाचा म्हणाला, "त्यांच्यावर उबंटू फुकट टाकून देतो मी. पण तुला कॉलेजचं काम आहे, तुला सवय नाही, तू रोज मला फोन करशील." तेव्हा आठवी पिढी ठरली.

मेमरी आठ जीबी, आणि साठ्याला फिरती तबकडी नको, एसएसडी हवी. जुन्या यंत्रात जीव येतो तो तिच्याने. मेमरी बदलता येण्याजोगी आहे की पाट्यावरच डाखलेली आहे ते विचारावे, कारण पातळ, नाजूक मॉडेलांत ती पुष्कळदा डाखलेली असते. म्हणून देखण्या यंत्रापेक्षा कचेरीतले जाडजूड बरे. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपली यंत्रे एकदम काढतात. ती ठाकठीक करून विकणारी दुकाने असतात आणि ती बिल देतात. बॅटरीबद्दल विक्रेत्याला विचारूच नये, यंत्राला विचारावे. काळ्या खिडकीत एक आज्ञा लिहिली की ते स्वतःच अहवाल देते, नवी असताना क्षमता किती होती आणि आज किती भरते. बिजागऱ्या हलवून पाहाव्यात. कोरे पांढरे पान पडदाभर उघडून डाग शोधावेत. अर्धा तास एखादा चित्रपट लावून बुडाखाली हात धरावा.

"आणि सगळ्यात आधी," तो म्हणाला, "नंबर. पाठीवरच्या चिकटपट्टीवरचा, यंत्राच्या पोटातला म्हणजे बायोसमधला आणि बिलावरचा. तिन्ही एक असले पाहिजेत. सुरू करताना बायोसला पासवर्ड मागितला, किंवा कुठल्या कंपनीचं नाव येऊन अडलं, तर उठून चालू लागायचं. ते कुलूप मालकाचं असतं, ते आपल्याला उघडत नाही आणि उघडूही नये."

बिनदाराच्या घरात बसून त्याने मला कुलपांचे एवढे प्रकार सांगितले.

पुढच्या आठवड्यात नगरातल्या एका दुकानात आम्ही दोघे गेलो. माझी स्वतःची एक परीक्षा होती, ती भाच्यालाही ठाऊक नव्हती. मी इन्स्क्रिप्टने मराठी टंकते. त्यात 'ल' आणि 'ळ' एकाच कळीवर असतात. पहिले यंत्र सर्व परीक्षांत उतरले. मग मी त्यावर 'लाल कमळ' असे लिहिले. उमटले ते असे: एक बिचारा काना, आणि पुढे 'कम'. दुकानदार म्हणाला, "ताई, इंग्रजीत एन कमी लागतो हो." मी म्हटले, "मला माझे विद्यार्थी 'बा' म्हणून नाही चालायचे, 'बाळ'च हवेत." त्याने हसून दुसरे काढले. कोपरा खरचटलेला, कुठल्याशा कंपनीच्या मालमत्तेची चिठ्ठी अर्धवट खरवडलेली, आठवी पिढी, बॅटरी मूळच्या जवळजवळ तीन चतुर्थांश. क्रमांक तिन्ही ठिकाणी एक. सतरा हजार आठशे, तीन महिन्यांची हमी आणि क्रमांक लिहिलेले पक्के बिल. बिलाचा मी तिथेच फोटो काढला आणि नंबर वहीत, वहीतला डायरीत. हे म्हणाले, "आता गोंदवून घे."

उरलेल्या पैशांत दोन पेन ड्राइव्ह घेतले. हे मात्र मला भाच्याने सांगावे लागले नाही. शिंगणापूर ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यात नेवासे आहे. तिथे शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरांनी सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले. पुढे लोकांनी नकला केल्या, नकलांच्या नकला केल्या, त्यांत चुका शिरल्या, आणि तीनशे वर्षांच्या आत एकनाथांना शके 1506 मध्ये शुद्ध प्रत सिद्ध करायला बसावे लागले. चुका झाल्या त्या नकलांमुळे, पण नाथांपर्यंत ग्रंथ पोचला तोही नकलांमुळेच. हे मी एम. ए. च्या वर्गाला वर्षानुवर्षे शिकवीत आले आहे. माझ्या टेबलावरच्या यंत्राला ते लागू आहे, एवढे मात्र मला कधी सुचले नव्हते.

दसऱ्याच्या सुटीत लॅपटॉप घेऊन मावशीकडे गेले. जात्याजवळ तो ठेवला. तिने खुंट्याला हात लावला, फिरवले, थांबली. चार वर्षांत फरक पडला आहे. पहिले चरण येतात, दुसरे येत नाहीत. दोन दिवसांत एकसष्ट ओव्या झाल्या. त्यांतल्या तीन पूर्वी नव्हत्या अशी माझी खात्री आहे. परकरातल्या बहिणीच्या पूर्वी नऊ होत्या, आता दोन आल्या. "बाकीच्या हायेत गं," ती म्हणाली, "तोंडावं येत न्हाईत एवढंच." रोज रात्री मी दोन्ही पेन ड्राइव्हवर नक्कल करी. एक भाच्याकडे राहील, एक माझ्याकडे.

शेवटच्या रात्री झोपताना मी लॅपटॉप पिशवीत घालून उशाशी घेतला. मावशीने पाहिले. "त्याला काय उशाला घेतीस? ठिव की तिकडं कोनाड्यात," ती म्हणाली. कोनाडा दाराच्या चौकटीला लागूनच होता, रस्त्यावरून दिसेल असा. मी ठेवला. झोप लागेना. मध्यरात्री उठून चाचपून पाहिला, होता. पहाटे पुन्हा उठले. बाहेर चांदणे होते, फळी कुत्र्याने केव्हाच पाडली होती. मावशी अंथरुणात उठून बसली होती आणि एक हात हवेतल्या हवेत गोल फिरवीत ओठांतल्या ओठांत काही म्हणत होती. मी तिला हाक न मारता कोनाड्यापाशी गेले आणि लॅपटॉप उघडला.